खोडण्याआधी कारण

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या वाटेनं चढताना चतुर्भुज मंदिर लागतं. कातळात कोरलेलं, एखाद्या खोलीएवढं. वर राजा मानसिंहाचा महाल खुणावत असतो, म्हणून बहुतेक लोक इथे थांबत नाहीत. जे थांबतात, ते भिंतीवरचा एक शिलालेख शोधतात. विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा. त्यातला मजकूर तसा व्यवहाराचा आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आहे आणि रोज ५० माळा देवाला पोचवायच्या आहेत. या २७० मध्ये आणि ५० मध्ये शेवटी एक छोटंसं वर्तुळ आहे. शून्याचं चिन्ह कोरलेले आणि तारखेबद्दल वाद नसलेले जे मोजके जुने लेख भारतात आहेत, त्यांपैकी हा एक.

ते वर्तुळ काय सांगतं? एकंच्या घरात काही नाही. शाळेत आपण ‘एकंचं घर, दहंचं घर’ म्हणतो, त्यातलं हे घर रिकामं आहे, आणि रिकामं असलं तरी त्याची नोंद करायची आहे. नोंद केली नाही तर २७० हातांची बाग २७ हातांची होईल.

अतिशय अवघड सुडोकू सोडवायला बसलं की हीच सवय उपयोगी पडते. जे अजून कळलेलं नाही तेही नीट लिहून ठेवायचं आणि त्या न कळलेल्यातूनच पक्कं काहीतरी काढायचं. सोपी सुडोकू भरत जायची असते, अवघड सुडोकू खोडत जायची असते. आणि खोडण्याआधी कारण लागतं.

कोडं तसं परदेशी, खेळ तसा जुना

सुडोकू जपानी आहे असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. १९७९ साली अमेरिकेतल्या डेल प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ नावानं ते आलं. रचणारे हॉवर्ड गार्न्स हे इंडियानातले वास्तुरचनाकार. १९८४ मध्ये निकोली या जपानी प्रकाशनानं ते उचललं आणि त्याचं लांबलचक जपानी नाव आखडून ‘सुडोकू’ झालं. हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश वेन गूल्ड यांनी ही कोडी आपोआप तयार करणारा संगणक-कार्यक्रम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ला ती छापायला लावली. त्यानंतर ती आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांत आली आणि सकाळच्या चहाबरोबर पेन्सिल लागू लागली.

नियम सगळ्यांना ठाऊक आहेत. नऊ आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, तीन बाय तीनच्या नऊ चौकटी. प्रत्येकीत १ ते ९ हे अंक एकेकदाच. अंक दिसतात म्हणून काहींना हे गणिताचं कोडं वाटतं आणि ते लांब राहतात. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला सोळा घरांचा जादूचा चौरस कोणत्याही बाजूनं मिळवला तरी ३४ देतो. तिथे बेरीज लागते. सुडोकूत बेरीज नाही, वजाबाकी नाही. अंकांऐवजी नऊ फळांची चित्रं काढली तरी कोडं तेच राहतं. लागतो तो फक्त तर्क.

नियमांत बसणारे पूर्ण भरलेले चौरस किती, याचा हिशेब बर्ट्रम फेल्गेनहॉवर आणि फ्रेझर जार्विस यांनी २००५ मध्ये केला: ६६७०९०३७५२०२१०७२९३६९६०. बावीस अंकी संख्या. त्यातून एकाच चौरसापर्यंत पोचायचं म्हणजे बाकी सगळे बाद करायचे. हे अंदाजानं होणारं काम नाही.

उमेदवारांची यादी

पहिलं काम म्हणजे प्रत्येक रिकाम्या घरात, तिथे येऊ शकतील असे सगळे अंक बारीक अक्षरात लिहायचे. त्यांना उमेदवार म्हणू. ओळीत, रकान्यात किंवा चौकटीत जो अंक आधीच बसलेला आहे त्याचा अर्ज बाद. ज्या घरात एकच उमेदवार उरला तो बिनविरोध निवडून आला. एखाद्या ओळीत ४ हा अंक एकाच घराच्या यादीत असेल, तर त्या घरात इतर कितीही नावं असोत, ४ तिथेच येणार. वर्तमानपत्रातली बहुतेक कोडी एवढ्यावर सुटतात.

मग येतात जोड्या. एका ओळीतल्या दोन घरांत नेमके २ आणि ६ हेच उमेदवार आहेत. २ कुठे आणि ६ कुठे, माहीत नाही. पण ही दोन घरं मिळून हे दोन अंक संपवणार हे नक्की. म्हणून त्या ओळीतल्या बाकी सगळ्या घरांतून २ आणि ६ खोडायचे.

इथे घाई न करता क्षणभर थांबावं. आपल्याला एकही घर भरता आलं नाही, दोन्ही शक्यता अजून जिवंत आहेत, तरीही तिसऱ्याच घराबद्दल काहीतरी पक्कं कळलं. पुढच्या बहुतेक अवघड युक्त्या, त्यांची इंग्रजी नावं कितीही भारदस्त असोत, याच एका विचाराची रूपं आहेत: ‘हे किंवा ते, कोणतं ते ठाऊक नाही, पण दोन्हीत जे समान आहे ते खरंच.’

फुली

समजा ७ या अंकामागे आपण लागलो आहोत. दुसऱ्या ओळीत ७ ला दोनच जागा उरल्या आहेत: तिसरा रकाना आणि आठवा रकाना. सहाव्या ओळीतही नेमक्या याच दोन: तिसरा आणि आठवा. ही चार घरं मिळून एक आयत होतो. दुसऱ्या ओळीचा ७ तिसऱ्या रकान्यात बसला, तर सहाव्या ओळीचा ७ आठव्यात जाणार. दुसरीचा आठव्यात गेला, तर सहावीचा तिसऱ्यात. म्हणजे आयताच्या दोन कर्णांपैकी एक कर्ण खरा. कोणता, ते कळत नाही. पण कोणताही असला तरी तिसऱ्या आणि आठव्या या दोन्ही रकान्यांचा ७ याच दोन ओळींतून येणार. तेव्हा त्या रकान्यांतल्या इतर सात-सात घरांमध्ये जिथे जिथे ७ उमेदवार असेल तिथे तो खोडायचा. दोन कर्णांची फुली पडते म्हणून याला एक्स-विंग म्हणतात.

दोनाऐवजी तीन ओळी घेतल्या आणि त्या तिन्हींमधला ७ मिळून तीनच रकान्यांत अडकला असेल, तर त्याला स्वोर्डफिश म्हणतात. चार ओळी आणि चार रकाने असतील तर जेलीफिश. ओळी जितक्या, रकाने तितकेच. मग त्या रकान्यांत बाहेरच्यांना जागा नाही. नजर मात्र तयार करावी लागते, कारण ही घरं शेजारी नसतात. एका वेळी एकच अंक धरून, बाकीचे जणू कागदावर नाहीतच असं समजून बघितलं तर ती दिसतात.

तीन घरांचा मेळ

दुसरी युक्ती दोनच उमेदवार असलेल्या घरांची. दुसऱ्या ओळीत, दुसऱ्या रकान्यात १ किंवा ४ आहे. हा आपला खुंटा. त्याच ओळीत सातव्या रकान्यात १ किंवा ९. आणि खुंट्याच्याच रकान्यात, खाली पाचव्या ओळीत ४ किंवा ९. आता खुंट्यात १ आला, तर त्याच्या ओळीतल्या घराला १ घेता येत नाही, तिथे ९ बसतो. खुंट्यात ४ आला, तर खालच्या घरात ९ बसतो. म्हणजे या दोन घरांपैकी एकात तरी ९ आहेच. मग जे घर या दोघांच्याही टप्प्यात येतं, म्हणजे पाचव्या ओळीतलं सातव्या रकान्यातलं, तिथे ९ असूच शकत नाही.

हाच मेळ लांबवता येतो. एका घरात ३ किंवा ७, त्याच्या टप्प्यातल्या दुसऱ्यात ७ किंवा २, तिसऱ्यात २ किंवा ५, चौथ्यात ५ किंवा ३. पहिल्यात ३ नसेल तर ७; मग दुसऱ्यात २; मग तिसऱ्यात ५; मग चौथ्यात ३. म्हणजे पहिल्या किंवा शेवटच्या घरात ३ असणारच. मधली घरं चौरसाच्या दोन टोकांना असली तरी चालतात. दोन्ही टोकांना एकदम दिसणारं घर शोधायचं आणि तिथला ३ खोडायचा. नवीन सोडवणाऱ्याला ही साखळी जादू वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक कडी ‘हे नाही, म्हणून ते’ एवढीच असते.

एकाच अंकाच्या साखळीत काही जण रंग वापरतात. एखाद्या ओळीत, रकान्यात किंवा चौकटीत ७ ला दोनच जागा असतील तर एकीला लाल ठिपका, दुसरीला निळा. निळ्याचा आणखी कुठे असाच जोडीदार असेल तर त्याला लाल. असं करत गेलं की एकतर सगळे लाल खरे, नाहीतर सगळे निळे. जिथून लाल आणि निळा दोन्ही दिसतात, तिथला ७ गेला. आणि एकाच ओळीत दोन लाल आले, तर लाल रंगच खोटा ठरला. सगळे निळे एकदम खरे.

जमाखर्चाची युक्ती

एक युक्ती मात्र या सगळ्यांहून वेगळ्या वाटेनं येते आणि मला ती सगळ्यांत देखणी वाटते. मधली चौकट बघा. तिच्याभोवती एक कडं काढा: तिसऱ्या आणि सातव्या ओळीतली, तिसऱ्या आणि सातव्या रकान्यातली तिला लागून असलेली घरं. मोजली तर सोळा भरतात. आता चार कोपऱ्यांतले दोन बाय दोनचे तुकडे घ्या. तीही सोळा घरं. कोणतंही सुडोकू असो, या दोन्हींत तेच अंक, तितक्याच वेळा असतात.

याची सिद्धता दुकानदाराच्या वहीसारखी आहे. एका बाजूला तिसरी ओळ, सातवी ओळ, डावीकडची मधली चौकट आणि उजवीकडची मधली चौकट लिहा. चार पूर्ण गट, म्हणजे १ ते ९ चार वेळा. दुसऱ्या बाजूला पहिला, दुसरा, आठवा आणि नववा रकाना. हेही चार पूर्ण गट. दोन्ही बाजू सारख्या. आता जी घरं दोन्ही बाजूंना आहेत ती दोन्हीकडून वजा करा. अशी वीस घरं आहेत. एका बाजूला उरतं मधल्या चौकटीभोवतीचं कडं, दुसऱ्या बाजूला चार कोपरे. एकाही घरात अंक भरलेला नसला तरी हे खरंच. या कड्याला फिस्टोमेफेल कडं म्हणतात. ज्या कोड्यांत इतर युक्त्या हात टेकतात, तिथे कोपऱ्यांत दिलेले अंक बघून कड्याबद्दल काहीतरी कळून जातं.

रचणाऱ्याच्या शब्दावर

आता एक वादाची युक्ती. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या आणि सातव्या रकान्यात मिळून चार घरं आहेत. दोन डाव्या चौकटीत, दोन उजव्या. त्यांपैकी तीन घरांत ५ आणि ८ हेच उमेदवार आहेत. चौथ्यात ५, ८ आणि २. चौथ्यातही ५ किंवा ८ च आला, तर या चार घरांतले ५ आणि ८ आपापसांत बदलले तरी ओळ, रकाना, चौकट काहीच बिघडणार नाही. म्हणजे कोड्याची दोन उत्तरं. पण नीट रचलेल्या सुडोकूचं उत्तर एकच असतं. म्हणून चौथ्यात २.

उत्तर बरोबर येतं. तरी काही सोडवणाऱ्यांना ही युक्ती पसंत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आधीच्या सगळ्या युक्त्या नियमांवर आणि समोरच्या अंकांवर उभ्या होत्या. ही उभी आहे ती ‘उत्तर एकच आहे’ या रचणाऱ्याच्या शब्दावर. शब्द खरा असेल तर ती वापरायला हरकत नाही. पण मग तेच एक उत्तर असल्याचं आपण सिद्ध केलं, असं म्हणता येत नाही. ते आपण गृहीत धरलं होतं.

अंदाज आणि आडवळणाची सिद्धता

फिनलंडचे गणिती आर्तो इंकाला यांची कोडी जगातली सर्वांत अवघड म्हणून गाजली. २०१२ मध्ये गाजलेल्या त्यांच्या एका कोड्यात २१ अंक दिलेले होते. २१ अंक काही फार कमी नव्हेत. याहून कमी अंकांची सोपी कोडीही असतात. अवघडपणा दिलेल्या अंकांच्या संख्येवर ठरत नाही. पुढचा एक अंक खोडायला किती लांबची साखळी लागते, त्यावर तो ठरतो.

अशा ठिकाणी बहुतेक जण थकून एखाद्या घरात एक अंक घालून बघतात. जमलं तर जमलं. नाही जमलं तर खोडरबर. संगणकही ढोबळमानानं हेच करतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी २००० साली मांडलेल्या ‘नाचत्या दुव्यां’च्या पद्धतीत एक पर्याय धरायचा, अडलं की मागे यायचं, दुसरा धरायचा. संगणकाला थकवा नाही, म्हणून त्याला हे क्षणात जमतं.

माणसानं हेच केलं तर तो अंदाज म्हणायचा की तर्क? एका घरात ३ धरला आणि पाच पावलांवर एका ओळीत दोन ९ आले, तर ३ खोटा हे पक्कं सिद्ध झालं. शाळेत भूमितीत ‘हे खोटं मानू’ म्हणून सुरू केलेल्या सिद्धता आठवा, त्यातलीच ही. पण ३ धरला आणि कोडं सुटलं, तर एक उत्तर सापडलं इतकंच झालं. दुसरं नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून जाणकार लोक दोन्ही बाजूंनी चालतात. या घरात ३ असेल तर तिकडे ६ जातो. ३ नसेल तरी तिकडे ६ जातोच. मग ६ गेला. घरात काय आहे ते अजूनही माहीत नाही. सुरुवातीच्या जोडीत वापरलेला विचार तो हाच.

लष्करातले छत्तीस अधिकारी

सुडोकूच्या मुळाशी जो चौरस आहे त्याचा अभ्यास गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी केला. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक चिन्ह एकदाच येईल अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात, कारण ऑयलर त्यासाठी लॅटिन अक्षरं वापरत. १७८२ मध्ये त्यांनी एक कोडं मांडलं. सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतला प्रत्येक हुद्द्याचा एक, असे छत्तीस अधिकारी. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करा, की प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक पलटण एकदा आणि प्रत्येक हुद्दा एकदा येईल. ग्वाल्हेरचा ज्याला लष्कर म्हणतात तो भाग १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढला. तिथे राहणाऱ्या कुणालाही हे कोडं आपल्या अंगणातलं वाटेल.

ऑयलर यांना मांडणी सापडली नाही. १०, १४, १८ अशा बाजूंच्या चौरसांतही, म्हणजे चारनं भागल्यावर दोन उरतात अशा सगळ्याच बाजूंसाठी ती अशक्य असावी, असा त्यांचा तर्क होता. १९०१ पर्यंत गास्तों तारी यांनी सहाच्या चौरसासाठी तो खरा असल्याचं सिद्ध केलं. त्यामुळे उरलेल्या बाबतीतही ऑयलर बरोबर असणार, असं सगळे धरून चालले.

तो तर्क ज्यांनी मोडला त्यांत एक मराठी गणिती होते. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागरचा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलाच. शिक्षण नागपूरला, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्याकडे पीएच.डी. संख्याशास्त्रात अशा चौरसांचा उपयोग शेतीच्या प्रयोगांसाठी होत असे. एकाच रानात कुठे जमीन कसदार, कुठे हलकी. म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक पट्ट्यात एकदा यावा अशी आखणी करायची. सुडोकूसारख्या चौकटींची अटही १९५६ मध्ये व. उ. बेरेन्स या जर्मन संशोधकानं अशा शेती-आखणीतच घातली होती. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ बाजूचा चौरस बांधून दाखवला. अर्नेस्ट पार्कर यांनी १० बाजूचा बांधला. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडले तर ऑयलर यांनी अशक्य म्हटलेले सगळे चौरस शक्य आहेत. एप्रिल १९५९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात आले, मोठा शिष्यवर्ग तयार केला आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले.

आता याच्या शेजारी सुडोकूतलाच एक प्रश्न ठेवा. किमान किती अंक दिले तर कोड्याचं उत्तर एकच राहील? शोधणाऱ्यांनी १७ अंकांची ४९ हजारांहून जास्त कोडी गोळा केली होती. १६ अंकांचं एकही नाही. ‘सापडत नाही, म्हणून नसणार’ असं वाटणं साहजिक होतं. पण ऑयलर यांनाही असंच वाटलं होतं. २०१२ च्या सुरुवातीला डब्लिनमधल्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटानं संगणकावर एकमेकांहून खरोखर वेगळे असे ५४७ कोटींहून अधिक चौरस तपासले. प्रत्येकात १६ अंकांचं कोडं दडलंय का, हे शोधलं. त्याला सुमारे ७१ लाख प्रोसेसर-तास लागले. नव्हतं.

दोन्ही ठिकाणी सुरुवात सारखीच होती: शोधलं, सापडलं नाही. एका ठिकाणी ते होतं, दुसऱ्या ठिकाणी खरंच नव्हतं. हा फरक अर्धवट शोधण्यातून कळला नसता. पक्कं कारण सापडलं तेव्हा तो कळला.

उद्या सकाळी कोडं अडलं, आणि ‘इथे ४ बसेल असं वाटत नाही’ म्हणून हात खोडरबराकडे गेला, तर तो तिथेच थांबवा. ‘वाटत नाही’ हे कारण नव्हे. कारण मिळेपर्यंत तो बारीक ४ तसाच राहू द्यावा.